मागितलं तेच पाठवा: एडमंटनच्या युक्रेनी तळघरातून

दूरदेशी (धागाकर्ती)

गेली तीन वर्षं दर बुधवारी संध्याकाळी मी आमच्या भागातल्या युक्रेनी चर्चच्या तळघरात जाते. तिथून युक्रेनला मदत कशी जाते ते इथे एकदा सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं, पण राहून जात होतं. परवा ऑफिसात एकाने विचारलं, "ते रशिया-युक्रेन युद्ध अजून चालू आहे का?" फार लागलं ते मनाला. म्हणून हा धागा.

मी एडमंटनला राहते, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात. कॅनडात युक्रेनी वंशाचे साडेबारा लाखांहून जास्त लोक आहेत आणि आमच्या भागात तर ते गल्लोगल्ली भेटतात. पहिले दोघे १८९१ साली आले. त्यांचं गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते पश्चिम युक्रेनमध्ये आहे. दहा डॉलर भरायचे आणि १६० एकर जमीन घ्यायची, अट अशी की तिथे राहून ती लागवडीखाली आणायची. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खड्डा खणून, वर मातीची ढेकळं रचून काढला. अल्बर्टाचा हिवाळा मी पाहिलाय, त्यामुळे हे वाक्य मला नुसतं लिहून पुढे जाता येत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून याच लोकांना 'शत्रू' ठरवलं गेलं. छावण्यांत डांबलेल्या साडेआठ हजारांहून जास्त माणसांत बहुसंख्य युक्रेनी होते. स्टालिनच्या राजवटीतल्या १९३२-३३ च्या घडवून आणलेल्या दुष्काळाचं, म्हणजे होलोडोमोरचं, जगातलं पहिलं सार्वजनिक स्मारक आमच्याच शहरात सिटी हॉलपाशी आहे. १९८३ साली, युक्रेन अजून सोव्हिएत संघात असताना ते उभं राहिलं.

हे सगळं सांगितलं, कारण २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे कीववर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आमच्याकडे २३ तारखेची रात्र होती, आणि त्याच रात्री तळघराचे दिवे लागले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. हॉल होता, स्वयंपाकघर होतं, एकमेकांचे फोन नंबर होते, शंभर वर्षांची सवय होती.

मी पहिल्यांदा गेले ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दोन पिशव्या कपडे घेऊन. दार उघडलं आणि पुढे पाऊल ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत काळ्या पिशव्या. अख्ख्या शहराने आपली कपाटं रिकामी करून दिली होती. प्रेमानेच दिली होती, त्यात शंका नाही. पण पुढचे तीन आठवडे आम्ही ते नुसतं निवडत होतो. एका पायाचे बूट, फाटके गाऊन, पोहण्याचे पोशाख, एका पिशवीत तर चक्क ओला टॉवेल. तिकडे लोक तळघरांत लपलेले आणि इकडे आम्ही मोज्यांच्या जोड्या लावतोय. तिथल्या एका बाईंनी, वय सत्तरीच्या पुढे, हातातलं काम थांबवून मला सांगितलं, "मुली, कपडे पोलंडमध्येही मिळतात. तिकडचा माणूस काय मागतोय ते आधी विचारायचं."

तेव्हापासून तळघराचा हा कायदाच झाला. पलीकडे एक माणूस हवा. हॉस्पिटलातली मेट्रन, शाळेची मुख्याध्यापिका, गावचा पाणीपुरवठा बघणारा इंजिनियर, कोणीही, पण नाव-गाव-फोन असलेला. तो यादी पाठवणार. यादीत नाही ते पेटीत नाही.

यादी कशी बदलत जाते ते बघितलं की युद्ध कुठे पोचलंय ते बातम्यांशिवाय कळतं. सुरुवातीला झोपण्याच्या पिशव्या आणि लहान मुलांचं दूध. मग जखमांवर बांधायचं सामान. १० ऑक्टोबर २०२२ ला विजेच्या केंद्रांवर मोठे हल्ले सुरू झाले आणि सगळीकडून एकच मागणी: जनरेटर. ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं, त्या आठवड्यात रबरी बूट, पाण्याचे पंप, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या.

जनरेटरवरून आठवलं. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने इथल्या दुकानातून सहा जनरेटर सवलतीत मिळवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका निवृत्त इलेक्ट्रिशियन काकांनी खोक्यावरचं लेबल वाचलं आणि गप्प बसले. कॅनडात घरची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. युक्रेनमध्ये आपल्या भारतासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ते सहाही परत गेले. तेव्हापासून विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आम्ही पोलंडमध्येच घेतो, इथून फक्त पैसे जातात. हॉस्पिटलच्या विजेवरच्या कॉटा कोणी देऊ केल्या तरी याच कारणाने नाही म्हणावं लागतं. हाताने फिरवायच्या असतील तर घेतो.

आणि पैसे येतात कुठून? पिरोहीतून. आपल्या करंजीच्या आकाराची, पण उकडलेली. आत बटाटा आणि चीज, वर लोण्यात परतलेला कांदा. बुधवारी आम्ही वीस-पंचवीस जणी लांब टेबलाभोवती उभ्या राहतो. आज्यांना इथे 'बाबा' म्हणतात, मला पहिले काही महिने दचकायला व्हायचं. या बाबा लोकांचा हात बघत राहावा असा. चकतीत सारण, बोटाला पीठ, आणि कड दाबत जायची. माझ्या पहिल्या खेपेच्या निम्म्या पिरोही उकळत्या पाण्यात उघडल्या, कारण कडेला सारणाचं तूपट बोट लागलं होतं. मग मी आईने शिकवलेली करंजीची मुरड घातली. शेजारच्या बाबाने ती उचलून दिव्याकडे धरली, उलटसुलट बघितली आणि पाण्यात सोडली. उघडली नाही. आता माझ्या वाट्याच्या पिरोही मुरडीच्याच असतात आणि त्या मागून नेणारी दोन-तीन घरं आहेत.

एका बुधवारी शंभर-सव्वाशे डझन होतात. त्या गोठवून विकायच्या. जमलेल्या पैशाचा हिशोब महिनाअखेर भिंतीवर लागतो, पावत्यांसकट.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

कृष्णाकाठ

ताई, काळ्या पिशव्यांचं वाचलं आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यांपुढे आला. मी सांगलीजवळचा. आमच्या गावात पाणी उतरल्यावर ट्रक यायला लागले, माणसं लांबून लांबून आली, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण शाळेच्या पटांगणात जुन्या कपड्यांचा ढीग पडला तो पावसात भिजून कुजला आणि शेवटी आम्हालाच जाळावा लागला. त्याच वेळी घरात पाहिजे होतं काय? चिखल काढायला फावडी आणि बादल्या, जनावरांना वैरण, बायकांना पॅड. हे कोणी विचारलंच नाही. चौथ्या दिवशी कोल्हापूरकडची काही पोरं आली, त्यांनी आधी दारोदार हिंडून वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तेच घेऊन आली. त्या पोरांची आठवण अजून गाव काढतं.

घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही, हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तुमच्या त्या बाईंनी बरोबर सांगितलं.

रात्रपाळी

मी नाशिकला भूलतज्ज्ञ आहे. औषधांबद्दल भर घालतो, कारण तिथे चूक जिवावर बेतते.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: दान दिलेलं औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत निदान एक वर्ष शिल्लक असावी. घरात उरलेल्या अर्ध्या पट्ट्या तर कधीच देऊ नयेत. पलीकडच्या फार्मासिस्टला ती भाषा वाचता येईलच असं नाही, आणि फेकायची म्हटली तरी औषधांची विल्हेवाट लावणं खर्चिक असतं.

दुसरं, टूर्निके. हातापायाला मोठी जखम होऊन धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. त्या वेळी जखमेच्या वर आवळायचा हा पट्टा. त्याला एक दांडी असते, ती पिळत जायची, रक्त थांबलं की अडकवायची आणि आवळल्याची वेळ पट्ट्यावर लिहायची. युद्ध सुरू झाल्यावर याच्या स्वस्त नकला बाजारात आल्या. त्यांची दांडी ऐन पिळताना मोडते किंवा पट्टा सुटतो. त्यामुळे दहा स्वस्तातल्या पाठवण्यापेक्षा दोन खात्रीच्या पाठवाव्यात. ताई, तुम्ही कुठल्या घेता?

भारतानेही १ मार्च २०२२ ला औषधांची पहिली खेप पोलंडमार्गे पाठवली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान कीवला गेले तेव्हा चार 'भीष्म' क्यूब दिले. ठोकळ्यासारख्या पेट्यांत भरलेलं छोटं फिरतं हॉस्पिटलच ते, सुमारे दोनशे रुग्णांची तातडीची सोय होईल एवढं सामान असतं. तिथेही विचार तोच: काय कुठे आहे ते पेटी उघडण्याआधी कळलं पाहिजे.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका, पण मराठी माणसाने तिकडे पिरोही वळत बसण्यापेक्षा विदर्भातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीची फी भरली तर? शिवाय हे सामान सैन्याकडे जात नाही कशावरून?

दूरदेशी

@स्पष्ट_बोलतो, राग नाही. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

फी भरतो आम्ही, गेली अकरा वर्षं, यवतमाळच्या दोन मुलींची. त्यातली एक आता नर्सिंगला आहे. एक केलं म्हणून दुसरं बंद पडत नाही. आणि खरं सांगू? या देशात आले तेव्हा माझी बाळंतपणं ज्या शेजारणीने काढली ती युक्रेनी होती. पाच दिवस तिने माझ्या दारात बोर्श्टचं, म्हणजे बीटच्या सूपचं, पातेलं आणून ठेवलं. तिचा मावसभाऊ खेरसोनला आहे. ती बुधवारी तळघरात उभी असताना मी घरी बसणार नाही.

सैन्याचं म्हणाल तर आमचं तळघर फक्त हॉस्पिटलं, शाळा, वृद्धाश्रम आणि विस्थापितांच्या निवाऱ्यांसाठी काम करतं. धर्मादाय नोंदणीच्या अटीच तशा आहेत. सैनिकांसाठी मदत करणारे वेगळे गट आहेत, ते उघडपणे करतात, त्यांचे हिशोब वेगळे. टूर्निके रुग्णवाहिकेच्या पथकांना जातात. @रात्रपाळी सर, आम्ही त्या थेट उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतो, आणि तरी दर खेपेतली एक काढून इथली परिचारिका आवळून बघते.

वाट कशी असते ते लिहायचं राहिलं. युक्रेनचं आकाश पहिल्याच दिवशी नागरी विमानांना बंद झालं. त्यामुळे कंटेनर समुद्रमार्गे पोलंडला, तिथून ट्रकने सीमेपलीकडे ल्विवला. ल्विवच्या गोदामात पेट्या सुट्या होतात आणि पुढे छोट्या व्हॅनमधून किंवा तिथल्या खासगी टपाल कंपनीने जातात. प्रत्येक पेटीला क्रमांक, बाहेर युक्रेनी आणि इंग्रजी यादी, आत तीच यादी पुन्हा. वजन एका माणसाला उचलता येईल एवढंच, कारण पलीकडे उतरवून घेणारे बहुतेक वेळा बायका आणि म्हातारी माणसं असतात. हे आम्हाला एका मेट्रनने फोनवर सांगितलं, तोवर सुचलं नव्हतं.

६ नोव्हेंबर २०२३ पासून पोलंडच्या ट्रकवाल्यांनी सीमा अडवली होती. युक्रेनी ट्रकांना परवाना पुन्हा लागू करा, ही त्यांची मागणी होती. मदतीच्या गाड्या सोडायचं ठरलेलं होतं, पण रांग किलोमीटरोगणती. आमची एक गाडी त्यात नऊ दिवस अडकली. ड्रायव्हर रोज रात्री फोटो पाठवायचा, बर्फात उभ्या ट्रकच्या लाल दिव्यांचा. डिसेंबरात मुलांसाठी निघालेले हातमोजे जानेवारीत पोचले.

क्राकूवची_राधा

ताई, मी पोलंडमध्ये क्राकूवला. मार्च २०२२ मध्ये आमच्या स्टेशनवर नुसती माणसं होती, लहान मुलं, मांजरीचे पिंजरे, आणि पुरुष जवळजवळ नाहीत, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. आम्ही दहा-बारा मराठी मुलं-मुली सिमकार्डं वाटायला आणि सामान उचलायला जायचो.

नंतर इथल्या युक्रेनी बायकांबरोबर मेणाचे दिवे करायला लागले. रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा डब्याच्या उंचीएवढ्या पट्ट्यांत कापायचा, गुंडाळी करून घट्ट बसवायचा, मधे एक पट्टी वर काढून वात म्हणून ठेवायची आणि वितळलेलं मेण ओतायचं. मेण पुठ्ठ्यात पूर्ण मुरू द्यायचं, मग वर आणखी थोडं. घाई केली तर आत पोकळ राहतं आणि मग नुसता पुठ्ठाच पेटतो. असा एक डबा तासन् तास जळतो, त्यावर पाणी तापतं, हात शेकता येतात. डबे आम्ही इथल्या भारतीय हॉटेलांतून गोळा करतो, टोमॅटो प्युरीचे आणि छोल्यांचे. मालक धुऊन, कड ठोकून ठेवतात.

क्राकूवहून सीमा तीन तासांवर, म्हणून आम्हाला हे परवडतं. कॅनडातून मेण पाठवणं म्हणजे वजनाचाच खर्च.

दूरदेशी

राधा, अगदी बरोबर. पहिल्या हिवाळ्यात आम्ही चाळीस दिवे केले आणि वजन केल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. ते दिवे इथल्या चर्चच्या पायऱ्यांवर होलोडोमोरच्या स्मृतिदिनी लावले आणि मेणाचे पैसे पोलंडला पाठवले. कदाचित तुझ्याच डब्यांत गेले असतील.

पिसोचिनपर्यंत_चालत

सहसा इथे फक्त वाचतो. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी लातूरचा. खार्किवला चौथ्या वर्षाला होतो. युद्ध सुरू झाल्यावर आम्ही मेट्रो स्टेशनात सहा रात्री काढल्या. १ मार्चला आपला एक कर्नाटकातला विद्यार्थी गोळाबारात गेला. २ मार्चला दूतावासाचा निरोप आला: लगेच खार्किव सोडा, वाहन नसेल तर चालत जा, पिसोचिन अकरा किलोमीटर. आम्ही चालत गेलो. मागे आवाज येत होते, कोणी वळून बघत नव्हतं.

हॉस्टेल सांभाळणाऱ्या बाई, त्यांना आम्ही कोमेंदांत म्हणायचो, एरवी फार कडक. रात्री अकरानंतर दार उघडायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मेसमधला सगळा पाव कापून प्रत्येकाच्या खिशात कोंबला. स्वतःसाठी ठेवला का, विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. पुढे ट्रेनने ल्विव, मग पोलंड, मग ऑपरेशन गंगाच्या विमानाने दिल्ली.

त्या अजून खार्किवमध्येच आहेत. महिन्यातून एकदा बोलणं होतं. २०२२ च्या हिवाळ्यात वीज गेली की सरकारने उघडलेल्या 'अभेद्यतेच्या केंद्रात' जायच्या, तंबूत शेगडी, चहा आणि फोन चार्ज करायची सोय असायची. तिथूनच मला फोन करायच्या. मी विचारलं, काही पाठवू का? म्हणाल्या, चष्मा. बॉम्बच्या धक्क्याने कपाट पडलं तेव्हा फुटला आणि ओळखीचं दुकान बंद झालंय. मी लातूरला नंबर देऊन चष्मा करून घेतला, दोन केले, आणि वॉर्सात नोकरी करणाऱ्या माझ्या बॅचमेटकडे धाडले. दीड महिन्याने त्यांचा चष्मा घातलेला फोटो आला.

ताई, तुमचं 'यादीत नाही ते पेटीत नाही' वाचताना तो चष्माच डोळ्यांपुढे होता.

नांगरट

युक्रेनमध्ये 'तोलोका' म्हणून प्रकार असतो असं ऐकलं आहे. गावात कोणाचं घर बांधायचं असलं की सगळे एक दिवस येतात, माती-पेंढा तुडवून भिंती लिंपतात, मालकाने जेवण घालायचं, मजुरी नाही. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड तीच की! माझ्या लहानपणी पेरणीला अशी सावड व्हायची, आता ट्रॅक्टर आला आणि ती गेली. दूरदेशीताई, तळघरात हा शब्द वापरतात का?

दूरदेशी

वापरतात! बुधवारच्या फलकावर तेच लिहिलेलं असतं: तोलोका, सहा वाजता. मी त्यांना सावड शब्द सांगितला तर एक बाबा तो पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

याच बाबाने मला जुन्या पार्सलांचं सांगितलं. सोव्हिएत काळात तिची आई गावाकडच्या बहिणीला पार्सल पाठवायची. तिकडची जकात इथूनच आधी भरावी लागे आणि ती कधी कधी आतल्या वस्तूंहून जास्त व्हायची. म्हणून काय पाठवायचं ते नीट हेरून ठरायचं: फुलाफुलांचे लोकरी रुमाल. वजनाला हलके, आणि बहिणीला ते विकून घरात लागेल ते घेता यायचं. पत्रात उघड काही लिहिता येत नसे, तर बहीण लिहायची, "लाल रुमाल फार उबदार होता." म्हणजे लाल चांगल्या भावाने गेला, पुढच्या वेळी लाल पाठव. आमची आताची यादी म्हणजे त्या पत्रांचीच पुढची पिढी.

माईआजी

पोरी, सगळं वाचलं. नातवाने मोठ्या अक्षरात करून दिलं. मी साताऱ्याची, वय ८१. हाताला काम म्हणून गोधड्या शिवते, जुन्या सुती लुगड्यांच्या, सात-आठ पदरी. चार तयार आहेत. नातू पुढच्या महिन्यात तुमच्या कॅनडात शिकायला येतोय, त्याच्याबरोबर देऊ का? पण तूच लिहिलंस की मागितल्याशिवाय पाठवायचं नाही, म्हणून आधी विचारते.

दूरदेशी

माईआजी, नमस्कार. तुमचं वाचलं आणि लगेच दोन ठिकाणी विचारलं.

हॉस्पिटलच्या मेट्रन म्हणाल्या की त्यांना चालणार नाही. जाड सुती पांघरूण उकळत्या पाण्यात धुऊन हिवाळ्यात वाळवायला दोन दिवस लागतात आणि वीज कधी असते, कधी नसते. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी खरं सांगितलं ते बरंच झालं.

दुसरं ठिकाण म्हणजे ल्विवजवळचा निवारा. पूर्वेकडून आलेली कुटुंबं तिथे राहतात, एकेका खोलीत दोन-दोन. तिथल्या बाईंना मी गोधडीचा फोटो पाठवला, माझ्याकडची आजीची आहे तिचा. त्यांनी विचारलंय की लांबी-रुंदी किती आणि वजन किती, कॉटा लहान आहेत. तेवढं नातवाकडून मोजून मला कळवा. त्यांचं उत्तर आलं की इथेच लिहिते.